पाच हजारांपुढे वासुदेवराव

दोन माणसं एका कामाला लागली की काम होतं. चार लागली की किस्से होतात! नागपूरच्या रामदासपेठेतल्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही चौघं जमायचो, त्यामुळे काम बेताचं झालं आणि किस्से पोतंभर साठले. आता उरलेले भेटतो ते बहुधा कुणाच्या तरी तेरवीला. पंगत उठली की कोणीतरी म्हणतंच, "मालूताई, ते गुप्ताजींचं सांगा ना." मी सांगते. सगळे हसतात. मग एका ठिकाणी येऊन मी थांबते, कारण पुढचं सांगताना माझा गळा मला साथ देत नाही. म्हणून यंदा लिहून काढते आहे. लिहायला गळा लागत नाही.

*

आधी चौघं कोण ते सांगते.

मेश्राम सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या मावसभावाने परदेशातून येताना एक कॉम्प्युटर आणला होता. कॉम्प्युटर म्हणजे काय, जाडसर कीबोर्डच तो. टीव्हीला जोडायचा, शेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवर साठवायचे. सरांच्या घरी पोरं टीव्ही सोडेनात, म्हणून ते मशीन माझ्या इन्स्टिट्यूटच्या टीव्हीला येऊन चिकटलं. पोरींची टायपिंगची बॅच सुटली की आमची सुरू.

दुसरे गुप्ताजी, लकडगंजचे लाकडाचे व्यापारी. ओंडक्यांचं माप मशीनने काढावं म्हणून आले आणि मग उठायचं नावच घेईनात.

तिसरे वासुदेवराव. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. घर प्रताप नगरात, मूळचे उमरेडचे. घराणं विणकरांचं. आवाज असा खणखणीत, की वस्तीतल्या कबड्डीच्या सामन्यात माइक बंद पडला तरी कोणाला कळत नसे! चौथी मी.

त्या मशीनला बेसिक नावाची भाषा यायची. तेच मशीन असलेली माणसं वर्धा, अमरावती, चंद्रपूर अशी विखुरलेली होती. कोणी डॉक्टर, कोणी मास्तर. प्रत्येकजण तारखा जुळवण्यासाठी, बिलं छापण्यासाठी तेच ते पुन्हा लिहीत बसायचा. सर म्हणाले, आपण ही कामं एकदाच नीट लिहून ठेवू, ज्याला पाहिजे तो आपल्या प्रोग्रामात जोडून घेईल. हीच आमची लायब्ररी. त्यात दुरुस्ती झाली, भर पडली, की नवी आवृत्ती काढायची, कॅसेटा भरायच्या आणि एसटीने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायच्या.

*

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. एकाच नंबरच्या दोन ओळी मशीन ठेवत नसे. नवी आली की जुनी गुपचूप गायब. म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी आमच्यात नंबर वाटून दिले, वावर वाटून द्यावं तसे. हजारापासून सर. तीन हजारापासून मी. पाच हजारापासून वासुदेवराव, त्यांची मराठी अक्षरं. आणि नऊ हजारापासून, पार वेशीबाहेर, गुप्ताजी.

गुप्ताजींना ते मानवलं नाही. एका दुपारी त्यांनी लाकडाचं माप पाच हजारापासून लिहिलं आणि लायब्ररीत मिसळून टाकलं. दुसऱ्या दिवशी वासुदेवरावांनी स्क्रीनवर "छ" मागितला, तर आलं काय? सागवान, इतके घनफूट!

वासुदेवरावांनी "ज" मागितला. साल, इतके घनफूट.

"गुप्ताजी," वासुदेवराव म्हणाले, "तुमी माह्या घरात भिंत बांधून राहिले!"

"अरे भाई, जगह खाली दिखी तो बाँध दी!"

"खाली नव्हती जी! तिथं च, छ, ज, झ राहत होते!"

गुप्ताजी शांतपणे म्हणाले, "तो किराया बोलो ना."

पुसली गेलेली अक्षरं वासुदेवरावांनी पुन्हा काढली. आठवडाभर गुप्ताजी रोज समोसे घेऊन आले. तेव्हापासून आमचा कायदाच ठरला. काहीही होवो, पाच हजारांपुढे कोणी पाय ठेवायचा नाही.

*

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. येणार कुठून? अक्षर म्हणजे आठ आडवे, आठ उभे चौकोन. कुठले काळे करायचे, कुठले कोरे ठेवायचे ते आपण सांगायचं. वासुदेवरावांचे वडील किनारीची नक्षी अशाच चौकटींच्या कागदावर उतरवत, त्यामुळे हे काम त्यांनी मागून घेतलं. कचेरीतून यायचे, सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकायचे आणि ग्राफ पेपर पुढे ओढायचे.

पहिला "क" टीव्हीवर उमटला तेव्हा खालच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा वर पाहायला आले. मी निरखून पाहिलं आणि म्हटलं, "वासुदेवराव, याची शेपटी अर्धीच दिसून राहिली."

"मालूताई, आठ घरांचं लुगडं आहे ते. अंगभर पुरन कुठून?"

डॉक्टर हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "वासुदेवराव, जरा तोंड उघडा पाहू." त्यांचं तोंड पुरतं उघडलं नाही. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. डॉक्टरांनी खर्रा बंद करायला सांगितला आणि मोठ्या डॉक्टरांचं नाव दिलं.

"दाखवतो ना," वासुदेवराव म्हणाले. "ही आवृत्ती निघू द्या."

आम्ही सगळे तिथेच होतो. कोणीही त्यांचा दंड धरून त्यांना खाली नेलं नाही. "क" पाहत बसलो.

*

कॅसेटवर बोलायची पद्धत कशी पडली, तो किस्सा वर्ध्याच्या मास्तरांचा.

पहिली आवृत्ती त्यांच्याकडे गेली आणि चारच दिवसांत मास्तर स्वतः कॅसेट घेऊन हजर. "बदलून द्या," म्हणाले. "खराब निघाली. लावली की नुसता किर्रर्र आवाज येते. आमची म्हैस बिथरली!"

प्रोग्राम कॅसेटवर भरला की तो तसाच ऐकू येतो. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मास्तरांनी कॅसेट भजनासारखी लावून ऐकली होती, आणि आवाज सुरू झाला की घाबरून बंद केली होती!

तेव्हा ठरलं, की प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला माणसाने बोलायचं. माणूस अर्थात वासुदेवराव. मे महिना होता, नागपूरचा मे. आवाज स्वच्छ यावा म्हणून कूलर बंद केला, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. सरांचा चष्मा घामाने नाकावरून घसरत होता. वासुदेवराव मात्र कबड्डीच्या मैदानात उभं असल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले:

"नमस्कार मंडळी! ही नागपूरची लायब्ररी. आवृत्ती दुसरी. आता किर्र आवाज येईल. घाबरू नका, मध्येच बंद करू नका. संपलं की मी सांगतो."

मग तो किर्र आवाज. आणि तो संपला की पुन्हा वासुदेवराव: "झालं!"

पुढे अमरावतीचे डॉक्टर भेटले की म्हणायचे, त्या "झालं"साठी आम्ही सगळे घरचे टेपभोवती जमतो.

*

पाचव्या आवृत्तीपर्यंत सगळी साधी अक्षरं बसली, काना-मात्रा बसल्या. राहिली जोडाक्षरं. आणि इकडे वासुदेवरावांचा आवाज जाड होत चालला होता. पाचवीची घोषणा त्यांनी तीनदा केली तेव्हा एक जमली. जिभेखाली जखम होती. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करा, लवकर करा. आणि हेही सांगितलं, की जीभ काढावी लागेल, नंतर बोलता येणार नाही.

वासुदेवराव ऐकेनात. आधी जोडाक्षरं, मग ऑपरेशन.

सर चिडले. "अहो, जोडाक्षरांशिवाय काही अडत नाही कोणाचं!"

"माहं अडते ना सर. माही बायको वत्सला. तुमची लायब्ररी तिले व, त, स, ला लिहिते. त तिकडं, स इकडं. अशी तुटकी बायको मांडून कुठं जाऊ मी?"

या माणसाला काय म्हणावं! मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. वत्सलावहिनी घरी देवापुढे बसून होत्या आणि हा इथे "त"ला "स" जोडत बसला होता.

दोन दिवसांनी आम्ही जमलो तर मशीन बंद. सर खाली मान घालून म्हणाले, "अ‍ॅडॅप्टर जळाला. मुंबईहून यायला महिना तरी लागेल. तोवर तुम्ही ऑपरेशन करून घ्या."

वासुदेवरावांनी मशीनकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, सरांच्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात भरती झाले.

ऑपरेशन झालं. आम्ही भेटायला गेलो. चेहऱ्याला पट्ट्या, नाकात नळी. सर खाटेजवळ गेले, तर वासुदेवरावांनी हात लांबवून त्यांच्या खांद्यावरची पिशवी चाचपली, आतला अ‍ॅडॅप्टर बोटांनी वाजवून पाहिला आणि डोळ्यांनी हसले. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! सर कॉरिडॉरमध्ये गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

*

घरी आल्यावर वासुदेवराव पुन्हा ग्राफ पेपर घेऊन बसले. बोलणं बंद, खाणं नळीने, पण पेन्सिल चालू. अंगात थोडी ताकद आली की वहिनी त्यांना रिक्षाने इन्स्टिट्यूटमध्ये आणायच्या. जिन्यात गुप्ताजी मागून हात लावून उभे असायचे.

तोवर बाजारात मोठी नवी मशीनं आली होती. आमचं मशीन पोरांचं खेळणं ठरलं. वर्ध्याच्या मास्तरांनी आपलं विकून टाकलं. अमरावतीचे डॉक्टर निरोपाला उत्तर देईनात. गुप्ताजींनी स्वतः दुकानात नवं मशीन घेतलं होतं. मी एकदा सरांना हळूच म्हटलं, "सर, ही सहावी आवृत्ती घेणार कोण?"

"वासुदेवराव करून राहिले ना," सर म्हणाले. "मग ती निघणार."

ज्या दिवशी जोडाक्षरं बसली त्या दिवशी वहिनी बाकावर बसून होत्या. वासुदेवरावांनी त्यांना हाताने टीव्हीजवळ बोलावलं आणि एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर ही एवढी मोठी पांढरी अक्षरं. वत्सला. "त" आणि "स" एकमेकांना धरून, एक चौकोनही न सुटता.

वहिनी शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, पण स्वतःचं नाव ओळखत होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "एवढं मोठं कायले लिहिलं जी? खाली दवाखान्यात लोकं बसून आहेत!"

वासुदेवरावांनी टेबलावर दोन्ही तळवे आपटले. बोलता आलं असतं तर त्या दिवशी ते रामदासपेठभर ऐकू आलं असतं.

*

आता घोषणा कोण करणार? मी म्हटलं मी करते. वासुदेवरावांनी मान हलवली. सर म्हणाले मी करतो. पुन्हा मान हलवली. मग त्यांनी पाचव्या आवृत्तीची कॅसेट काढून सरांच्या हातात ठेवली.

सरांना कळलं. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून त्यांनी पाचवीतलं बोलणं सहावीवर उतरवलं. पुढे सहावीचा किर्र आवाज. शेवटी जुनं "झालं!" फक्त एक होतं. टेपवरचे वासुदेवराव म्हणत होते, "आवृत्ती पाचवी." ते बदलायची कोणाची हिंमत झाली नाही.

कॅसेटा गेल्या. घेणारे मोजकेच होते, पण त्यातले चंद्रपूरचे एक सद्‌गृहस्थ तणतणत आले. "साहेब, जुनीच कॅसेट पाठवली तुमी! टेपवरचा माणूस स्वतः पाचवी म्हणून राहिला!"

सर कधी कोणावर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही. "आवाज जुना आहे," म्हणाले. "काम नवीन आहे. शेवटपर्यंत ऐका."

वासुदेवराव कोपऱ्यात बसले होते. त्यांनी त्या गृहस्थांना हात जोडले. गृहस्थांनी एकदा त्यांच्या गळ्याच्या पट्टीकडे पाहिलं, आणि चहा न घेताच खाली उतरले.

त्या हिवाळ्यात वासुदेवराव गेले. आठ घरांच्या लुगड्यात अख्खी मराठी बसवली माणसाने, आणि त्याला स्वतःला साधा पाण्याचा घोट मागता येत नव्हता. मला अजून राग येतो. त्या खर्ऱ्याचा येतो, त्यांचा येतो, आणि "क" पाहत बसलेल्या आम्हा सगळ्यांचाही येतो.

*

गुप्ताजींचा शेवटचा किस्सा.

वर्षभराने मी लकडगंजला त्यांच्या दुकानात गेले. नवं मशीन, गार हवेची खोली, आणि पगारी प्रोग्रामर. तो बिचारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, सेठजींना समजवा जरा. मला पाच हजार ते सहा हजार नंबर वापरू देत नाहीत. पूर्ण रिकामे ठेवायला लावतात. कारण विचारलं की ओरडतात."

मी गुप्ताजींना म्हटलं, "काय हो, आता कशाला? नव्या मशीनला काय त्याचं!"

गुप्ताजी लाकडाच्या मापाचे कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "खाली नहीं है बहनजी. वहाँ वासुदेवराव रहते हैं."

*

आणि हा, जिथे मी तेरवीला थांबते तो किस्सा.

वासुदेवराव गेल्यावर काही महिन्यांनी वत्सलावहिनी एकट्याच जिना चढून इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. बॅच सुटली होती. बाकावर टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "ताई, लोकं सांगतात तुमच्याजवळच्या टेपात त्यायचा आवाज आहे. मले ऐकवता का?"

कॅसेट माझ्या खणातच होती. सहावी. मी टेपरेकॉर्डर त्यांच्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी!"

वहिनींनी डोळे मिटले. पदराचं टोक मुठीत धरलं.

"ही नागपूरची लायब्ररी. आवृत्ती पाचवी. आता किर्र आवाज येईल. घाबरू नका, मध्येच बंद करू नका. संपलं की मी सांगतो."

तेवढं बोलणं झालं. किर्र आवाज सुरू झाला. ऐकवत नाही तो, आणि त्यात बोलणं तर काहीच नाही. म्हणून मी पटकन हात पुढे केला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या वं ताई. बंद नका करू म्हणाले ना ते."

मी हात मागे घेतला. खोलीभर तो आवाज. खालून कंपाउंडर वर येऊन दारात डोकावला, वहिनींना पाहिलं आणि मुकाट्याने परत गेला. वहिनी कीर्तनाला बसावं तशा बसल्या होत्या, हलल्या नाहीत. कितीतरी वेळ. शेवटी तो आवाज तुटला आणि खोलीत वासुदेवराव म्हणाले:

"झालं!"

मी टेप बंद केला. मग वहिनींनी विचारलं, "ते पहिलं बोलणं ऑपरेशनच्या आधीचं होय ना?"

"हो वहिनी. जुन्या कॅसेटवरून घेतलं ते."

"आन हे मधलं?"

"ते नंतरचं. जोडाक्षरं केली ना त्यांनी, तुमचं नाव लिहिलं, ते सगळं त्यात आहे."

वहिनींनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि टेपरेकॉर्डर थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

"मग पुन्हा लावा ताई. पहिलं राहू द्या, ते मले पाठ आहे. मधलं लावा."